अर्धवट खोप्यांचा हिशेब

विहिरीवर झुकलेल्या बाभळीला किंवा शिंदीच्या झावळ्यांना लटकलेले सुगरणीचे खोपे खेड्यात वाढलेल्या प्रत्येकाने पाहिलेले असतात. नीट पाहिलं तर त्यांत पुरे झालेले आणि अर्धवट सोडलेले असे दोन्ही दिसतात. अर्धवट खोपे कशासाठी, आत माती कशाला, याची उत्तरंही पिढ्यान् पिढ्या तयार होती. मादी अंड्यांवर बसली की नर स्वतःला झोका घ्यायला दुसरा खोपा बांधतो, हे एक. खोप्याच्या आत मातीचे गोळे चिकटवलेले सापडतात, त्यांत काजवे खोचून रात्री उजेड करतात, हे आणखी एक. कुणीतरी एकदा मान वर करून पाहिलं आणि गोष्ट रचली.

१९३० मध्ये सलीम अली बर्लिनहून पक्षिशास्त्र शिकून परतले, तेव्हा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातली त्यांची नोकरी पैशांअभावी गेलेली होती. पत्नी तहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती आणि हाती वेळ होता. त्या पावसाळ्यात ते तिथेच नजर लावून बसले. कुठला खोपा कधी सुरू झाला, कुठवर आला, मादी कधी आली, नर पुढे कुठे गेला, या क्रमाकडे त्यांचं लक्ष होतं.

क्रम मांडला तसं चित्र पालटलं.

विणणारा असतो नर. भाताच्या किंवा उंच गवताच्या पात्याला तो बुडाशी चोचीने खाच पाडतो, कड धरतो आणि उडतो. पात्याची लांब, अरुंद पट्टी सोलून निघते. एका खोप्यासाठी अशा पाचशेपर्यंत फेऱ्या होतात. पण खोपा अर्धा झाला, वरचा घुमट आणि मधली आडवी पट्टी तयार झाली, की नर हात आखडता घेतो. मग माद्या येतात. नर खोप्याला लोंबकळून पंख फडफडवतो, ओरडतो. मादी आत शिरून पाहणी करते. पसंत पडलं तर नर अंड्यांची खोली आणि खाली उतरणारी नळी विणून काम पुरं करतो. नापसंत झालेला खोपा तसाच लटकत राहतो.

मादी दोन ते चार अंडी घालून एकटीच उबवायला बसते. नर मात्र जवळच नवा खोपा विणायला घेतो आणि दुसरी मादी मिळवायच्या खटपटीला लागतो. एका हंगामात एका नराच्या अशा एकापाठोपाठ एक जोड्या जमतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३१ मध्ये हा अभ्यास छापून आला आणि सलीम अलींचं नाव पक्षिशास्त्रात झालं.

आधीच्या निरीक्षकांची नजर अधू होती असं मुळीच नाही. अर्धवट खोपे आणि मातीचे गोळे त्यांनीही पाहिले होते. पण एक नर, एक मादी, एक घर हा माणसाच्या संसाराचा साचा त्यांनी झाडावर टांगला. त्यात जास्तीचे खोपे बसेनात, म्हणून झोका सुचला. आपल्याकडे तर खोप्याचं सगळं श्रेय आईला गेलं, कारण घर मांडते ती आई हे मनात पक्कं होतं. माणसांविषयी मतं बनवतानाही आपण हेच करतो आणि ते फार महागात पडतं: चार दिवसांचं वागणं बघायचं, ते ओळखीच्या साच्यात घालायचं आणि उरलेलं स्वभावावर ढकलायचं. क्रम पाहायला लागणारा धीर धरायचाच नाही.

किहीमच्या त्या अभ्यासातून पुढचा प्रश्नही उभा राहिला: खोप्यात शिरलेली मादी नेमकं काय तपासते? नंतरच्या अभ्यासांत दिसलं, की विणीच्या कौशल्यापेक्षा जागेला ती जास्त वजन देते. फांदी किती उंच, किती काटेरी, साप-उंदरांपासून किती सुरक्षित, यावर निवड ठरते. उत्तम विणलेला खोपाही चुकीच्या फांदीवर असला तर नाकारला जाऊ शकतो.