पाणी मोजावे, मग वाटावे

पाण्याचा प्रश्न म्हटला की आपल्याला इंजिनियर आठवतो, भूगर्भशास्त्रज्ञ आठवतो. राज्यशास्त्राचा अभ्यासक मात्र सहसा आठवत नाही. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने असे म्हणावे याचे तुम्हांला नवल वाटेल, पण माझ्या मते हा प्रश्न निम्मा राज्यशास्त्राचाच आहे.

अमेरिकेतील राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रम (१९३३–२०१२) यांचे काम पाहा. लॉस एंजेलिसजवळ समुद्रकाठी ‘वेस्ट बेसिन’ नावाचा भूजलाचा साठा आहे. पाणीपुरवठा कंपन्या, कारखाने, नगरपालिका असे अनेक जण त्यातून पाणी उपसत. जमिनीत मुरणाऱ्या पाण्यापेक्षा उपसा वाढला आणि समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत सरकू लागले.

असे का झाले? घनतेचा धडा आठवा. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते. म्हणून किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते. साध्या हिशेबाने, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या १ मीटर वर असेल, तर समुद्रसपाटीखाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. म्हणजेच ही पातळी १ मीटरने उतरली, तर खाऱ्या पाण्याची सीमा कालांतराने ४० मीटर वर चढते!

येथवर पदार्थविज्ञान झाले. पण पंप कोणी बंद करायचा? प्रत्येकाला वाटते, ‘मी उपसा कमी केला, तर ते पाणी शेजारी ओढून नेईल.’ गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने १९६८ साली मांडले, की सामायिक साधनांचा अशाने नाशच होतो. ती सरकारने ताब्यात घ्यावीत, नाहीतर खासगी करावीत.

ऑस्ट्रम यांनी वेस्ट बेसिनचा अभ्यास आपल्या १९६५ च्या प्रबंधात केला होता. तेथील पाणी उपसणाऱ्यांनी १९४६ मध्ये संघटना काढली. प्रकरण न्यायालयात होते. त्यानिमित्ताने कोण किती उपसतो याचे मोजमाप झाले. १९५५ मध्ये बहुतेकांनी उपसा कमी करण्याचा करार केला. किनाऱ्यालगत विहिरींतून गोडे पाणी जमिनीत सोडून खाऱ्या पाण्याला अटकावही केला गेला. लोक एकत्र येऊन नियम करू शकतात आणि पाळूही शकतात, हे ऑस्ट्रम यांनी पुढे अनेक देशांतील उदाहरणांनी दाखवले. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

तरीही एक गोष्ट मला खटकते. वेस्ट बेसिनमध्ये वाटे ठरले ते पूर्वीच्या उपशावरून. ज्याचा पंप मोठा, त्याचा वाटा मोठा. मग ज्याच्याकडे विहीरच नाही, त्याने काय करावे?

या प्रश्नाचे एक उत्तर पुणे जिल्ह्यात मिळाले. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या इंजिनियरने पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे ‘पाणी पंचायती’चा प्रयोग सुरू केला. तेथे पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने वाटले जाई: माणशी अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनांनाही हक्क होता. उसाला मात्र बंदी होती.

शिक्षकांना माझी सूचना आहे, की विज्ञानाचा आणि नागरिकशास्त्राचा एक तास एकत्र घ्यावा. मुलांनी गावातल्या विहिरीची पातळी दर महिन्याला मोजून शाळेच्या फळ्यावर लिहावी आणि शेजारी हेही लिहावे, की त्या विहिरीचे पाणी कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही. दुसरा रकाना भरल्यावाचून पहिला अपुराच राहील.