‘स्वेच्छेने गेले असावेत’ : एका सोयीस्कर निष्कर्षाचा इतिहास

१/ परदेशात एखादी तरुण व्यक्ती बेपत्ता झाली की एक वाक्य फार लवकर उच्चारले जाते : ‘स्वेच्छेने निघून गेली असावी.’ हे वाक्य निरुपद्रवी नाही. तपास आटोपता घेण्याची ती सर्वांत सोपी वाट आहे आणि माणसे पळवणाऱ्यांना नेमके तेच हवे असते. जपानचा अलीकडचा इतिहास याला साक्ष आहे.

२/ १९८० मध्ये माद्रिदमधून तोरू इशिओका आणि काओरू मात्सुकी हे दोन जपानी तरुण नाहीसे झाले. १९८३ मध्ये लंडनला इंग्रजी शिकणाऱ्या २३ वर्षांच्या केइको आरिमोतोने नोकरी मिळाल्याचे घरी कळवले. कोपनहेगननंतर तिचा माग संपला. झटापट नाही, खंडणीची मागणी नाही. वरवर पाहता तिघेही आपल्या पायांनी गेले होते.

३/ १९८८ मध्ये इशिओकाच्या घरी पोलंडमधून टपालाने एक पत्र आले. तिघेही उत्तर कोरियाची राजधानी प्योंगयांग येथे असल्याचे त्यात लिहिले होते. यापुढे ‘गूढ’ म्हणण्याजोगे काय उरले होते? तरीही कुटुंबांना आणखी १४ वर्षे दारोदार फिरावे लागले.

४/ १९७० मध्ये जपानी विमानाचे अपहरण करून उत्तर कोरियात आश्रय घेतलेल्या गटातील एकाच्या पूर्वपत्नीने मार्च २००२ मध्ये टोकियोच्या न्यायालयात साक्ष दिली : केइकोला बाजारपेठेच्या पाहणीच्या नोकरीचे आमिष आपणच दाखवले होते. म्हणजे बेड्यांची गरजच नव्हती; एक नोकरी पुरेशी होती.

५/ त्याच वर्षी १७ सप्टेंबरला किम जाँग-इल यांनी जपानचे पंतप्रधान कोइझुमी यांच्यापुढे १३ जपानी नागरिकांच्या अपहरणाची कबुली दिली. त्यांत १९७७ मध्ये निइगाता येथे शाळेतून घरी परतताना नाहीशी झालेली १३ वर्षांची मेगुमी योकोताही होती. पळवून नेलेल्यांपैकी काहींना हेरांना जपानी भाषा आणि चालीरीती शिकवण्याच्या कामी जुंपले गेले.

६/ येथे आक्षेप येतो : ही तर हेरगिरी, तिला मानवी तस्करी का म्हणावे? संयुक्त राष्ट्रांचा २०००चा पालेर्मो मसुदा तीन गोष्टी पाहतो. माणसाला हलवणे वा ताब्यात ठेवणे, त्यासाठी बळ किंवा फसवणूक वापरणे आणि हेतू शोषणाचा असणे. सक्तीचे श्रम हे शोषणच. तस्कराने पैसा कमावलाच पाहिजे, अशी अट त्यात नाही.

७/ त्याच मसुद्यातील दुसरे कलम अधिक मोलाचे आहे : फसवणुकीने मिळवलेली संमती ही संमतीच नव्हे. हा मसुदा नंतरचा असल्याने जुन्या गुन्ह्यांना तो कायदा म्हणून लावता येणार नाही; परंतु इतिहास समजून घेण्याची दृष्टी तो निश्चित देतो. केइको विमानात स्वतः बसली, एवढ्यावरून ती ‘स्वेच्छेने’ गेली असे ठरत नाही.

८/ दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. अपहरणाची शक्यता नाकारता येत नाही अशा ८०० हून अधिक व्यक्तींची यादी जपानी पोलिसांनी केली. त्यांतील काही जण पुढे जपानमध्येच सापडले. प्रत्येक बेपत्ता माणूस तस्करीचा बळी नसतो. मात्र ते सापडले, म्हणूनच संशय फिटला. तपासाअंती काढलेला निष्कर्ष आणि तपासाऐवजी काढलेला निष्कर्ष यांत हाच भेद आहे.

९/ जपान सरकार अधिकृतपणे १७ जणांना अपहृत मानते. त्यांपैकी ५ जण ऑक्टोबर २००२ मध्ये परतले. केइको १९८८ मध्ये वायूच्या विषबाधेने मरण पावली, असे उत्तर कोरिया सांगतो; अवशेष मागितल्यावर कबर पुरात वाहून गेल्याचे उत्तर मिळते. जपानने हा खुलासा मान्य केलेला नाही. तिचे आईवडील मुलीची वाट पाहतच वारले.

१०/ म्हणून परदेशी नोकरीच्या निरोपानंतर संपर्क तुटला, तर पहिला प्रश्न ‘तो का गेला?’ हा नसावा. नोकरी कोणी देऊ केली, तिकीट कोणी काढले, विमानतळावर कोण भेटले, हे आधी विचारावे. केइकोच्या बाबतीत हे प्रश्न १९८३ मध्येच विचारण्याजोगे होते. उत्तर मिळायला १९ वर्षे लागली आणि ती स्वतः अजून परतलेली नाही.