परदेशातले बाळंतपण आणि कपाटातला कागद



मुकुंदवाडीतल्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे : "माझा मुलगा आणि सून दुबईत आहेत. सुनेला चौथा महिना लागला आहे. बाळंतपण तिकडे करावे की तिला इकडे आणावे? तिकडे करायचे तर दवाखाना कसा निवडावा?" भगिनींनो, हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात उभा राहिला होता. तेव्हा आम्ही जे शिकलो, ते आज सांगते. त्यात माझी एक चूकही आहे. तीही सांगते, म्हणजे तुमच्या हातून ती होणार नाही.

आमच्या आईच्या वेळी खेड्यात सुईण यायची. आमच्या पिढीची बाळंतपणे घाटीत झाली. आता आमच्या मुली शिकल्या. कोणी नर्स झाली, कोणी टेक्निशियन झाली. वाळूजच्या कंपनीतला पोरगा पुण्याला गेला, पुण्याहून दुबईला गेला. चांगलेच झाले. पण पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत मात्र मनातून गेलेली नाही. फरक एवढाच, की माहेर आता विमानाच्या तिकिटावर आले आहे.

माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी नर्स आहे. दुबईत एका क्लिनिकमध्ये नोकरीला आहे. जावई तिथेच एका कंपनीत इलेक्ट्रिशियन. दोघांचे व्हिसा आपापल्या नोकरीचे. दिवस राहिल्याचे कळले त्या रात्री ताईचा मला फोन आला, "तू तिला सांग, सातव्यात निघून ये म्हणावं. परक्या देशात पोरीचं कोण आहे?" मीही तसेच ठरवून मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "मावशी, मला पण यायचंय गं. पण आधी सुट्टीचा हिशेब कर."

मी हिशेब केला. कारकुनी करणाऱ्या बाईला हिशेबाचे काय भय! पण तो जमेना. २०२२ पासून लागू असलेल्या तिथल्या कामगार कायद्याप्रमाणे खाजगी नोकरीत बाळंतपणाची रजा ६० दिवस आहे. त्यातले ४५ दिवस पूर्ण पगार, १५ दिवस अर्धा. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे रजा मिळते. बहुतेक विमान कंपन्या २८ ते ३२ आठवड्यांनंतर गरोदर बाईकडे डॉक्टरांचा दाखला मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर तिला घेत नाहीत. जुळी असतील तर ही मर्यादा आणखी अलीकडे येते. म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यात निघायचे, इकडे दोन महिने बसायचे, बाळंत व्हायचे आणि मग बाळाचा पासपोर्ट आणि व्हिसा होईपर्यंत थांबायचे. साठ दिवसांत हे बसत नाही. नोकरी गेली तर व्हिसा गेला.

हे लिहिताना एक गोष्ट आठवते. कामगार स्त्रीला बाळंतपणात पगारी रजा मिळावी म्हणून जुलै १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात जे विधेयक आले, त्याला बाबासाहेबांनी पाठिंबा देऊन भाषण केले होते. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. रजेचा एकेक दिवस किती मोलाचा असतो, हे परक्या देशात आपली लेक दिवस मोजायला लागली की कळते.

तर ठरले, बाळंतपण तिकडेच करायचे. ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता माझी चूक. मुलीने दवाखान्यात नाव नोंदवायला घेतले, तेव्हा तिथे विवाहाचा साक्षांकित दाखला मागितला. बाळाच्या जन्मदाखल्यालाही तो लागणार होता. तिचे लग्न आपल्याच वस्तीतल्या विहारात, बौद्ध पद्धतीने, साधेपणाने झाले. मीच पुढे होऊन लावले. नोंदणीचा फॉर्मही मीच आणला आणि म्हटले, "तुम्ही जा, मी करते." तो फॉर्म माझ्या कपाटात, विजेच्या बिलांच्या खाली, दीड वर्ष पडून होता. इतरांना "लग्न नोंदवा" म्हणून वस्तीत सांगत फिरणारी मी! दोघांचे व्हिसा नोकरीचे असल्यामुळे तोवर कोणी दाखला मागितला नव्हता, म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही.

मग पाचव्या महिन्यात दोघांना बारा दिवसांची रजा काढून यावे लागले, कारण नोंदणीला वधू-वर आणि तीन साक्षीदार समक्ष लागतात. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने विवाह नोंदणी आहे. ९० दिवसांत केली तर नेहमीची फी, नंतर थोडा जादा आकार. लग्नपत्रिका, फोटो, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांची सही, हे सगळे दोन दिवसांत धावपळ करून जमवले. दाखला हातात आल्यावर मुंबईत मंत्रालयातले साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचे, मग अमिरातीच्या वकिलातीचे, आणि शेवटी दुबईत तिकडच्या परराष्ट्र खात्याचे. तिकिटे, रजा आणि एजंट मिळून त्यांची काही महिन्यांची बचत गेली. एका फॉर्मपायी. मुलीने मला एका शब्दाने दोष दिला नाही, म्हणून जास्त लागले.

आता दवाखान्याचे. तिच्यापुढे दोन दवाखाने होते. पहिला घरापासून पाच मिनिटांवर. चकचकीत खोली, पाळणा, फुगे, फोटो, सगळे पॅकेजमध्ये. दुसरा मोठा, गर्दीचा, गाडीने अर्ध्या तासावर. जावयाला पहिला आवडला. पण मुलगी नर्स. तिने दोन्हीकडे जाऊन तेच प्रश्न विचारले. रात्री दोन वाजता भूल देणारे डॉक्टर इमारतीत असतात की घरून येतात? रक्तपेढी इथेच आहे का? बाळ कमी दिवसांचे झाले तर त्याला ठेवायचा अतिदक्षता विभाग इथे आहे, की दुसरीकडे पाठवता? सिझर लागले तर किती वेळात होते? पहिल्या दवाखान्यात उत्तर मिळाले, की बाळाला गरज पडली तर दुसरीकडे हलवू. तिने दुसरा दवाखाना घेतला.

चौतिसाव्या आठवड्यात तिचे डोके असह्य दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. तपासले तर रक्तदाब खूप चढलेला. त्याच दिवशी सिझर झाले. मुलगी झाली, दोन किलोच्या आतली. नऊ दिवस काचेच्या पेटीत होती. जावई रात्री बाहेरच्या बाकावर आणि ताई इकडे फोन उशाशी घेऊन. आज ती नात चालते, "आज्जी जयभीम" म्हणते. पहिला दवाखाना वाईट होता असे मी म्हणत नाही. सरळ बाळंतपण झाले असते तर तिथेही चांगलेच झाले असते. पण दवाखाना निवडताना अडीअडचणीच्या दिवसाचा विचार करून निवडावा.

परक्या देशात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती तिथला कायदा. आपल्या सीमाभागातल्या बेळगावची सविता हलप्पनवार, वय ३१, दातांची डॉक्टर, नवऱ्यासोबत आयर्लंडमध्ये गॉलवे शहरात राहत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये १७ आठवड्यांची गरोदर असताना तिला तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात दाखल केले. गर्भपात टळणार नाही हे डॉक्टरांना दिसत होते. तिने आणि नवऱ्याने गर्भ काढण्याची विनंती केली. पण गर्भाचे ठोके चालू आहेत तोवर इथल्या कायद्यात बसत नाही, म्हणून नकार मिळाला. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. तिच्या प्रकृतीकडे वेळेवर नीट लक्ष दिले गेले नाही, असे पुढे चौकशीत निघाले. तिच्या मृत्यूने तो देश हलला. मे २०१८ मध्ये जनमत घेऊन तिथल्या लोकांनी घटनेतली ती बंदी काढून टाकली. आपल्याकडे १९७१ पासून गर्भपाताचा कायदा आहे, म्हणून आपल्याला वाटते सगळीकडे तसेच असेल. तसे नसते. सविता शिकलेली होती, इंग्रजी बोलत होती, तरी असे झाले. म्हणून पहिल्या भेटीतच डॉक्टरांना विचारावे, की आईच्या जिवावर आले तर इथे काय करता येते आणि सही कोणाची लागते?

पैशाचे आता. दुबईत २०१३ च्या कायद्यापासून आरोग्य विमा टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाला. जानेवारी २०२५ पासून उत्तरेकडच्या अमिरातींतही खाजगी नोकरदारांना तो बंधनकारक आहे. पण विमा आहे म्हणजे सगळे फुकट, असे समजू नये. कार्ड घेऊन बसावे आणि विचारावे : बाळंतपण यात धरले आहे का? त्यासाठी आधी काही महिने थांबायची अट आहे का? सरळ बाळंतपणाला आणि सिझरला मर्यादा किती? आपल्या खिशातून टक्के किती? बाळाचा खर्च किती दिवस आईच्या कार्डावर चालतो? आणि आपण निवडलेला दवाखाना त्या कार्डाच्या यादीत आहे का? उत्तर तोंडी न घेता लिहून घ्यावे. आमच्या नातीचे नऊ दिवस विम्यात बसले, कारण मुलीने हे आधी लिहून घेतले होते.

दोन तपासण्या आपल्या लोकांनी विसरू नयेत. ज्यांचे मूळ विदर्भातले आहे, त्यांनी नवरा-बायको दोघांची सिकलसेलची तपासणी करावी. आपल्या समाजात तिकडे हा आजार आढळतो. दोघेही वाहक असतील तर दर बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. तिकडच्या डॉक्टरांना हे आपण होऊन सांगावे. दुसरे, आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागते. रक्तगटाचा कागद फाईलमध्ये वरच ठेवावा.

आणि ही लक्षणे कुठल्याही देशात सारखीच : अंगावरून रक्त जाणे, डोके फार दुखून अंधारी येणे, तोंडावर सूज, झटका, ताप, पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे. अशा वेळी सासूला, आईला फोन नंतर करावा. आधी दवाखाना गाठावा.

बाळ झाल्यावरचे कागद. आखाती देशात जन्मले म्हणून बाळाला तिथले नागरिकत्व मिळत नाही. अमिरातीत जन्मापासून १२० दिवसांत बाळाचा निवासी व्हिसा काढावा लागतो, नाहीतर दंड लागतो. कुटुंबाच्या व्हिसासाठी पगाराची अट ४००० दिरहम, किंवा ३००० आणि राहण्याची जागा, अशी २०१९ पासून आहे. भारतीय नागरिकत्वासाठी आपल्या वकिलातीत बाळाची नोंद एका वर्षाच्या आत करावी. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी लागते. सर्व कागदांवर आई-बापाची नावे आणि आडनाव पासपोर्टप्रमाणे एकाच स्पेलिंगने घालावीत. उद्या ते लेकरू इकडे शिकायला आले तर जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे पुरावे जोडताना आजोबा, बाप आणि लेकरू यांची नावे जुळावी लागतात. एका अक्षरासाठी किती हेलपाटे होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तिला इकडेच आणायचे ठरले, तरी त्यात कमीपणा नाही. मजुरी करणाऱ्या बहुतेक पोरांच्या बायका इकडेच असतात. सरकारी दवाखान्यात २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे बाळंतपण, सिझर, औषधे, तपासण्या, जेवण आणि ने-आण मोफत आहे. घाटीत गर्दी आहे हे खरे, पण रात्री-बेरात्री अवघड केस घेऊन साऱ्या मराठवाड्यातून लोक तिथेच येतात, हेही खरे. आणायचे तर सातवा संपायच्या आत आणावे. तिकडचे सोनोग्राफीचे आणि रक्ताचे सगळे रिपोर्ट सोबत घ्यावेत. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बाळाला शाळा, पासपोर्ट, सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो.

आता मुकुंदवाडीच्या भगिनींना माझे उत्तर. आधी सुनेला विचारा, तिला काय हवे आहे? तिची प्रकृती, तिची रजा, तिचा विमा, हे तिघांनी फोनवर बसून मांडा. ती तिकडे राहणार असेल तर दोन दवाखाने बघून, वरचे प्रश्न विचारून मग नाव घालायला सांगा. जमल्यास तुम्ही स्वतः महिनाभर व्हिजिट व्हिसावर जा. बाळंतिणीला डिंकाच्या लाडवांपेक्षा रात्री बाळ धरणारे माणूस जास्त लागते.

आणि बाकी सर्वांना एक विनंती. हे सदर वाचून झाल्यावर घरातले कपाट उघडा. मुलाच्या, मुलीच्या, सुनेच्या लग्नाचा नोंदणी दाखला आहे का ते बघा. नसेल तर येत्या आठवड्यात महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जा. पोरगी परदेशात जाणार नसली तरी जा. विहारात लागलेले आपले लग्न आपल्याला मान्य आहे, समाजाला मान्य आहे. ते कागदावरही असू द्या.

आमच्या विहारात आता लग्न लागले, की दाराजवळ टेबल टाकून मी स्वतः फॉर्म भरून घेते. पंगत नंतर बसते.

जयभीम.