सातबारा नाही, म्हणून विचारपूसही नाही

बुलढाणा जिल्ह्यात आत्महत्या हा शब्द सहसा एकटा येत नाही, त्याच्या आधी 'शेतकरी' लागतो. २००६ मध्ये पंतप्रधानांचे पॅकेज विदर्भातील सहा जिल्ह्यांना मिळाले, त्यात आपला जिल्हा होता. २०१५ मध्ये राज्य सरकारने विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्यातही आपण आहोत. पण त्या प्रकल्पाचे पूर्ण नाव शेतकरी समुपदेशन आरोग्य सेवा कार्यक्रम असे आहे. कर्ता माणूस गेल्यावर मिळणारी एक लाखाची सरकारी मदतही घरात कोणाच्या तरी नावावर शेती असेल तरच. शेतकऱ्यांसाठी जे झाले ते कमीच आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न धाडसारख्या गावातल्या आपल्या वस्तीचा आहे, जिथे अनेक घरांत सातबाराच नाही.

सरकारचेच आकडे पाहा. २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ माणसे आत्महत्येने गेली. सर्वात जास्त आपल्या महाराष्ट्रात, २२,७४६. शेतीत राबणाऱ्यांमध्ये ५,२०७ शेतकरी होते आणि ६,०८३ शेतमजूर. म्हणजे मजूर जास्त! शिवाय एकूण मृत्यूंत चारातला एक रोजंदारीवर जगणारा, आणि गृहिणी पंचवीस हजारांवर. ही सगळी माणसे आपल्या ओळखीची आहेत. सोयाबीन सोंगणीच्या मजुरीवर घर चालवणारी, मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता चुकला म्हणून दारात साहेब बसलेला पाहणारी, पाच-पाच वर्षे पोलीस भरतीची तयारी करून घरी परतलेली. रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या वेळी आपण मोर्चे काढले, काढायलाच हवे होते. जातीने दिलेला जाच हे कारण असेल तर भांडण जातीशीच करावे लागते. पण वस्तीतली एखादी बाई महिनाभर गप्प गप्प असते, तेव्हा मोर्चा नसतो आणि विचारपूसही नसते.

आमचे म्हणणे सरळ आहे. ही विचारपूस कशी करायची याचे प्रशिक्षण असते, आणि ते आपल्या विहारात झाले पाहिजे. त्याला डॉक्टर लागत नाही. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला. त्यात गावातल्याच माणसांना तयार केले, साधे समुपदेशक नेमले आणि गरज पडेल त्याला मानसोपचार तज्ज्ञांपर्यंत पोहोचवले. आधी आणि दीड वर्षाने पाहणी केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणारे आधी ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्के झाले. वर्षभरात मरणाचे विचार आलेल्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. ही अमेरिकेतली गोष्ट नाही, शेजारच्या जिल्ह्यातली आहे.

प्रशिक्षणात पहिली गोष्ट शिकवतात ती विचारायची. "जगावंसं वाटत नाही, असं मनात येतं का? मरणाचा विचार येतो का?" असे स्पष्ट शब्दांत. आपल्याकडे समज असा की विचारले तर डोक्यात भरवल्यासारखे होईल. तसे होत नाही. ज्याच्या मनात आधीच आहे त्याला कोणीतरी बोलल्याने सुटल्यासारखे वाटते. आम्ही वॉर्डात असताना जे वाचले त्यांच्याशी रात्रपाळीत बोलायचो. बहुतेकांना मरायचे नव्हते, त्रास थांबवायचा होता.

विचारल्यानंतर ऐकायचे, आणि इथे आपली गाडी अडते. कोणी रडत बोलायला लागले की आपण लगेच म्हणतो, "बाबासाहेबांनी किती सोसलं, तू एवढ्यानं खचतोस?" हेतू चांगला असतो. पण ऐकणाऱ्याला वाटते, आपण दुबळे तर आहोतच, वर समाजाला लाज आणणारेही आहोत. तो परत तोंड उघडत नाही. काही घरांत अजून "बाहेरचं आहे" म्हणून रात्री गुपचूप कुठेतरी नेतात, त्यावर इथे जास्त लिहीत नाही, घरोघरी माहीत आहे.

खुणा ओळखता येतात. झोप उडते, जेवण सुटते, "मी असलो काय नि नसलो काय" असे बोलणे सुरू होते. माणूस उगाच हिशेब मिटवतो, आपल्या वस्तू वाटून टाकतो. रोज विहारात येणारा जयभीम न घेताच बाजूने निघून जातो. अशा माणसाला एकटे ठेवायचे नाही. फवारणीचे उरलेले औषध घरात असेल तर कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. तो वाईट वेळ पुष्कळदा थोडाच असतो, तेवढ्यात हाताशी काही नसेल तर माणूस वाचतो. श्रीलंकेने सर्वात विषारी कीटकनाशकांवर बंदी आणत नेली, आणि तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले.

आणखी एक भीती आहे, पोलिसांची. केस होईल म्हणून घरचे दवाखान्यात खरे सांगत नाहीत, "चुकून झालं" म्हणतात आणि उपचाराचा मोलाचा वेळ जातो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ ने हे बदलले. प्रयत्न करणारा तीव्र ताणात होता असे धरायचे, त्याला शिक्षा करायची नाही, उलट सरकारने त्याची काळजी घ्यायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ राहिलेले नाही. दवाखाना पोलिसांना कळवतो ती नोंद असते. म्हणून डॉक्टरांना काय घेतले, किती वाजता घेतले ते खरे सांगा. आणि दवाखान्यातल्या आमच्या भगिनींनाही सांगणे आहे, अशा पेशंटला टोमणे मारणे बंद करा.

मदत कुठे आहे? टेलीमानस, नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत. घरच्यांनीही करता येतो. राज्याचा आरोग्य सल्ल्याचा नंबर १०४. बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात तपासणी आणि औषध मिळते. ते औषध डॉक्टरांना न विचारता मध्येच सोडू नये.

वर्षावास हा यासाठी चांगला काळ आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत विहारात ग्रंथवाचनाला माणसे जमतातच, आणि पेरणीपासून सोंगणीपर्यंत हातात पैसा नसण्याचे महिनेही तेच. वाचनाचे दोन दिवस या प्रशिक्षणाला द्यावेत. महिला मंडळाने वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा की जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील माणसे आमच्या वस्तीत पाठवा, आणि आशाताईंनी ताणतणावाची प्रश्नावली सातबारा न पाहता प्रत्येक घरी भरावी. पोचपावती घ्यावी. प्रत्येक वस्तीतून दोन बाया, एक पुरुष, एक कॉलेजचा पोरगा किंवा पोरगी तयार झाली तरी सुरुवात होते. पुरुष मिळणे अवघड जाईल, पण त्याच्याशिवाय दारूच्या अड्ड्यावरच्या माणसाशी बोलणार कोण? १४४१६ हा नंबर विहाराच्या भिंतीवर, मोबाइल नसलेल्यालाही रस्त्यावरून दिसेल एवढा मोठा, या महिन्यातच रंगवून घ्या.