निकालपत्रावरची सही हा अधिकार नव्हे, कर्तव्य

निवडणुकीचा विषय निघाला की आपल्या तरुणांची चर्चा ईव्हीएम आणि मतदार यादीभोवती फिरते. मोजणीनंतर निकालावर सही करणारा स्थानिक अधिकारी मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. चंदीगडमध्ये घात झाला तो नेमका तिथे.

३० जानेवारी २०२४ रोजी तिथे महापौरपदाची निवडणूक झाली. पद त्या वर्षी अनुसूचित जातीसाठी राखीव होते. मते एकूण ३६, त्यापैकी आम आदमी पक्ष आणि काँग्रेस आघाडीकडे २०. पीठासीन अधिकारी अनिल मसीह यांनी आघाडीच्या ८ मतपत्रिका बाद ठरवल्या आणि भाजपचे मनोज सोनकर १६ विरुद्ध १२ मतांनी विजयी घोषित केले. मसीह स्वतः भाजपशी संबंधित नामनिर्देशित नगरसेवक! मतपत्रिकांवर खुणा करताना ते कॅमेऱ्यात दिसले. २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्या आठही मतपत्रिका मागवून तपासल्या, निकाल रद्द केला आणि कलम १४२ वापरून कुलदीप कुमार यांना महापौर घोषित केले. आम्हाला प्रश्न पडतो तो कॅमेऱ्याचा. तो नसता तर?

अमेरिकेत हा वाद उलट्या बाजूने आला. तिथे निकाल आधी काउंटीची मंडळे प्रमाणित करतात. जून २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोतील ओटेरो काउंटीच्या मंडळाने मतयंत्रांवर संशय घेत प्राथमिक निवडणुकीचा निकाल प्रमाणित करायलाच नकार दिला. पुरावा काही नव्हता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर तो २ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला. त्याच वर्षी ॲरिझोनातील कोचीस काउंटीतही न्यायालयाच्या आदेशानंतरच निकाल प्रमाणित झाला. सही करणाऱ्याची मर्जी चालत नाही, हेच दोन्ही ठिकाणी ठरले.

स्थानिक सत्तेची ही भीती बाबासाहेबांनी ओळखली होती. जून १९४९ मध्ये संविधान सभेत त्यांनी संसद आणि विधानसभांच्या निवडणुका एकाच स्वतंत्र आयोगाकडे देण्याची तरतूद मांडली. काही प्रांतांत वेगळ्या वंशाच्या, भाषेच्या लोकांना मतदार यादीतून वगळले जात असल्याच्या तक्रारी, हे कारणही त्यांनी सभागृहात सांगितले. पण आयोग कितीही स्वतंत्र असला तरी मोजणीच्या टेबलावर बसतो तो जिल्ह्यातलाच अधिकारी.

म्हणून आमचा आग्रह मोर्चापेक्षा मतमोजणी प्रतिनिधींच्या तयारीवर आहे. लोकसभा-विधानसभेला मतदान संपताच केंद्राध्यक्षाकडून फॉर्म १७-सीची साक्षांकित प्रत घ्या. तो प्रतिनिधीचा हक्क आहे. मोजणीच्या दिवशी त्यातला आकडा यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहा. फेरमोजणी हवी असेल तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने फॉर्म २० वर सही करण्याआधीच, कारणांसह लेखी अर्ज द्यावा लागतो. नियम ६३ नुसार सहीनंतर अर्ज स्वीकारला जात नाही. मग उरते ४५ दिवसांतली निवडणूक याचिका आणि तिचा खर्च, जो वस्तीतल्या उमेदवाराला सहसा झेपत नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांचे नियम वेगळे आहेत, ते राज्य निवडणूक आयोगाचे. तेही आधी वाचून ठेवा. अर्जाचा मसुदा आदल्या रात्रीच तयार हवा, म्हणजे टेबलावर फक्त आकडे भरायचे राहतील.