विश्लेषण : अहिल्यानगरहून स्पॅनिश शिकायची, तर वाट कोणती? अडथळे कोणते?

भारत आणि स्पेन यांच्यातील राजनैतिक संबंध १९५६ मध्ये सुरू झाले. त्याला ७० वर्षे होत असल्याने दोन्ही देशांनी २०२६ हे ‘संस्कृती, पर्यटन आणि कृत्रिम बुद्धिमत्ता वर्ष’ जाहीर केले. स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतात आले होते, तेव्हा हा निर्णय झाला. याच दौऱ्यात वडोदऱ्यात टाटा-एअरबसच्या सी-२९५ विमान कारखान्याचे उद्घाटनही झाले. या घडामोडींमुळे स्पॅनिश शिकण्याविषयी कुतूहल वाढू शकते. पण पारनेर, संगमनेर किंवा शेवगावच्या विद्यार्थ्याला ही भाषा विद्यापीठीय पातळीवर खरोखर शिकता येते का?

स्पॅनिशच का?

स्पॅनिश ही संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे. जगातील सुमारे २० देशांत ती अधिकृत भाषा असून सुमारे ५० कोटी लोकांची ती मातृभाषा आहे. स्पेन हा त्यातला एक छोटा भाग. मेक्सिको, कोलंबिया, अर्जेंटिना, पेरू, चिली असा मोठा भाग लॅटिन अमेरिकेत आहे. महाराष्ट्राचा या जगाशी संबंध उद्योगातून येतो. चाकण परिसरात गेस्टॅम्प, अँटोलिन, सीआयई ऑटोमोटिव्ह या मुळात स्पेनच्या कंपन्यांचे कारखाने आहेत. चाकणच्याच फोक्सवॅगन कारखान्यातून मेक्सिकोला मोटारी गेल्या आहेत. नगर जिल्ह्यातील सुपे औद्योगिक वसाहतीत मात्र जपानी कंपन्यांसाठी स्वतंत्र क्षेत्र आहे. त्यामुळे जिल्ह्यातच नोकरी हवी असेल तर जपानी आणि पुण्या-मुंबईकडे किंवा परदेशी पाहायचे असेल तर स्पॅनिश, असा हिशेब विद्यार्थ्यांना करावा लागतो.

नगरचा स्पेनशी काही जुना संबंध आहे का?

आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचे शिक्षण स्पेनमधील सालामांका आणि अल्काला या विद्यापीठांत झाले होते. तो १५३४ मध्ये भारतात आला आणि पुढे अहमदनगरच्या पहिल्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य म्हणूनही त्याने काम केले. भारतातील औषधी वनस्पतींवरचा त्याचा पोर्तुगीज ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. पुढे १५८० ते १६४० या काळात स्पेन आणि पोर्तुगाल यांचा राजा एकच होता. म्हणजे १५९४ मध्ये निजामशाहीचे सैन्य चौल-कोर्लईत पोर्तुगीजांशी लढले, तेव्हा समोरच्या बाजूचा राजा स्पेनचा दुसरा फिलिप होता. स्पॅनिशची सख्खी बहीण असलेल्या पोर्तुगीजचे ठसे मराठीत आजही आहेत. ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीजमधून आला. स्पॅनिशमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे चुकते करणे.

मराठी विद्यार्थ्याला ही भाषा अवघड जाते का?

इंग्रजीतून शिकली तर थोडी जास्तच. ‘मला आंबा आवडतो’ हे वाक्य स्पॅनिशमध्ये जवळपास याच बांधणीचे आहे : ‘मे गुस्ता एल मांगो’. आवडणारी वस्तू कर्ता आणि ज्याला आवडते तो ‘मला’. इंग्रजी माध्यमातील पुस्तके या रचनेवर पानेच्या पाने खर्च करतात. मराठी मुलाला ती आपसूक कळते. तू आणि आपण यांतला फरक ‘तू’ आणि ‘उस्तेद’मध्ये आहे. निर्जीव वस्तूंनाही लिंग असते, पण तीनऐवजी दोनच. त, द यांचे उच्चार दंत्य आहेत. अवघड जातात ती ‘असणे’ या अर्थाची ‘सेर’ आणि ‘एस्तार’ ही दोन क्रियापदे आणि इच्छा, शंका व्यक्त करणारी क्रियापदांची रूपे. म्हणूनच मराठीतून समजावून सांगणारे साहित्य आणि शिक्षक यांची गरज मोठी आहे.

शिक्षणाची सोय कुठे आहे?

नगर जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतो. विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. तेथे फ्रेंच, जर्मन, रशियनबरोबर स्पॅनिशचे अभ्यासक्रम चालतात. पण नगर ते पुणे अंतर सुमारे १२० किलोमीटर. अर्धवेळ वर्गासाठी रोज एसटीने ये-जा शक्य नाही. पूर्ण पदवीची परिचित केंद्रे राज्याबाहेर आहेत : दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि दिल्ली विद्यापीठ, हैदराबादेत इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ. दिल्लीतील दोन्ही ठिकाणी पदवीचा प्रवेश ‘सीयूईटी’ परीक्षेतून होतो. बारावीनंतर ही परीक्षा द्यायची असते, हेच अनेकांना वेळेत कळत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने काय बदलते?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर शिकवता येतील अशा परकीय भाषांत स्पॅनिशचे नाव आहे. पदवी स्तरावर खुल्या ऐच्छिक विषयाचे श्रेयांक घेता येतात. पण गणित पाहू. एका श्रेयांकाला साधारण १५ तास, म्हणजे दोन श्रेयांकांचा विषय ३० तासांचा. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेच्या प्रशिक्षण संस्थेनुसार, इंग्रजी भाषकाला स्पॅनिशमध्ये कामकाजापुरते प्रावीण्य मिळवायला वर्गातील ६०० ते ७५० तास लागतात. म्हणजे असे एक-दोन विषय ओळख करून देतील, नोकरी देणार नाहीत. ते पुरेसे आहेत असे महाविद्यालयांनी भासवले, तर फसगत विद्यार्थ्याची होईल.

नोकरीसाठी काय लागते?

स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने इन्स्टिट्यूटो सर्व्हान्टेस ही संस्था ‘डेले’ परीक्षा घेते. ए-१ ते सी-२ अशा सहा पातळ्या असून प्रमाणपत्राला मुदत नसते. दिल्लीत या संस्थेचे केंद्र आहे. प्राथमिक ए पातळीवर थांबलेल्याला भाषेच्या जोरावर काम मिळणे कठीण. बी-२ आणि त्यापुढे दारे उघडतात. सरधोपट भाषांतर आता यंत्रे करतात. माणसाकडून अपेक्षा आहे ती बोलणी, ग्राहकसेवा, यंत्राने केलेल्या कामाची तपासणी यांची. त्यासाठी संस्कृती कळावी लागते. माद्रिदमधील ‘व्होसोत्रोस’ मेक्सिकोत कोणी वापरत नाही आणि अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘व्होस’ म्हणतात. साहित्य, इतिहास आणि चित्रपट शिकवणारी पदवी इथेच खासगी वर्गापेक्षा वेगळी ठरते.

मग मार्ग काय?

विद्यार्थ्याने वर्ग निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात : एकूण तास किती, कोणत्या पातळीपर्यंत नेणार आणि शिक्षकाची स्वतःची पातळी कोणती. वाणिज्य, अभियांत्रिकी किंवा कृषी शाखेच्या पदवीसोबत तीन वर्षे सलग स्पॅनिश शिकणे हा पदवी सोडून दिल्ली गाठण्यापेक्षा कमी जोखमीचा पर्याय आहे. विद्यापीठाने पुण्यातील वर्ग ऑनलाइन जोडून नगर आणि नाशिकच्या महाविद्यालयांत श्रेयांकासह खुले केले, तर १२० किलोमीटरचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटेल. तोवर ही भाषा पुण्यात खोली घेऊन राहणे परवडणाऱ्यांचीच राहण्याची शक्यता अधिक.