बल्ब नव्हे, मूळ दोष काढा



जुन्या ट्रॅक्टर-ट्रकचा मागचा दिवा वरचेवर जातो आणि आपण दर खेपेला बल्ब बदलतो. आमच्या मते दोष बहुधा अर्थिंगच्या गंजात असतो. डहाणू रोडच्या खाऱ्या हवेत गंज लवकर धरतो. तो खरवडून बोल्ट घट्ट आवळावा. इंजिन तापले की नुसते पाणी ओतूनही भागत नाही. पाचटाने बुजलेली रेडिएटरची जाळी, ढिला फॅनबेल्ट पाहावा. तापून चारोटी-तलासरी महामार्गावर रात्री उभी राहिलेली, दिवा नसलेली उसाची गाडी म्हणजे मागून येणाऱ्याला मरणच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार दिवे, रिफ्लेक्टर सक्तीचे आहेत. पण दंडापेक्षा जीव मोठा. म्हणून दुरुस्ती गळिताआधीच उरकावी, ही आमची कळकळीची विनंती.